‘पिच्छाकृती’ पान ओळखायचं कसं: मराठवाड्यातल्या झाडांवर करायचा सराव

कृषी पदविकेची प्रात्यक्षिक वही असो, बागेत झाडासमोर रोवलेली पाटी असो की औषधी वनस्पतींची माहिती, पानाच्या वर्णनात एक शब्द हटकून भेटतो: पिच्छाकृती. नवखा वाचक फार तर ‘पिसासारखं असेल काहीतरी’ अशी समजूत करून घेतो आणि पुढं सरकतो. झाडासमोर उभं राहिल्यावर मात्र ही समजूत कामाला येत नाही. करंजाचं पान जाड आणि चकचकीत, कडुनिंबाचं दातेरी, बाभळीचं इतकं बारीक की पानं कुठली आणि काड्या कुठल्या तेच कळेना. तिन्ही पिच्छाकृती, आणि पिसाचा मऊपणा एकातही नाही.

शब्दाचा रोख मऊपणावर नाहीच, तो मांडणीवर आहे. कोणतंही पीस हातात घ्या, कोंबडीचंही चालेल. मधोमध एक दांडी आणि तिच्या दोन्ही अंगांना ओळीनं निघालेले तंतू. एक अक्ष, दोन बाजू, ओळीनं काहीतरी. एवढंच वनस्पतिशास्त्रानं पिसातून उचललं आहे. त्या ‘काहीतरी’च्या जागी काय आहे, हे ‘पिच्छाकृती’ हा शब्द एकटा सांगत नाही. तिथं शिरा असतील, पानाला पडलेल्या खोल चिरा असतील किंवा सुट्या पर्णिका असतील. म्हणून हा शब्द वाचला की लगेच विचारायचं: पिच्छाकृती काय? शिरा, चिरा की पर्णिका? तीनही ठिकाणी शब्द बरोबरच असतो, पण झाड ओळखण्याच्या दृष्टीनं तिन्हींचा अर्थ वेगळा.

बहुतेक वेळा बोलणं पर्णिकांबद्दल असतं, म्हणजे पिच्छाकृती संयुक्त पानाबद्दल. त्यामुळं सुरुवात तिथून करू.

पायरी पहिली: स्वयंपाकघरातून एक काडी

कढीपत्त्याची एक काडी घ्या. बाजारात आपण जिला काडी म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एक अख्खं पान आहे. फोडणीत टाकताना आपण जी ‘पानं’ ओरबाडतो त्या पर्णिका. काही मराठी पुस्तकांत त्यांना ‘दल’ म्हणतात. दोन्ही शब्द चालतात, पण एका टिपणात एकच वापरा.

आता भाग ओळखा. खालचा उघडा भाग म्हणजे देठ. पहिली पर्णिका जिथं लागली तिथून टोकापर्यंतची दांडी म्हणजे पर्णाक्ष. प्रत्येक पर्णिकेला स्वतःचा छोटा देठ असतो, तो बोटानं चाचपून पाहा. कढीपत्त्याच्या एका पानाला साधारण 11 ते 21 पर्णिका असतात. त्या बऱ्याचदा अगदी समोरासमोर नसतात, थोड्या एकाआड एक लागलेल्या दिसतात. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘पिच्छाकृती म्हणजे जोडीजोडीनंच’ असा समज पक्का होऊन बसतो. जोड्या असल्या तर वर्णनात लिहायच्या, नसल्या तरी पान पिच्छाकृतीच.

पायरी दुसरी: हे पान आहे की फांदी?

सगळी अडचण इथं आहे. ही पायरी पक्की झाली की पुढचं सोपं.

संयुक्त पान आणि साध्या पानांची लहान फांदी लांबून सारखीच दिसतात. दोन्हीत मधे दांडी आणि दोन्हीकडे हिरव्या पात्या. फरक कळीवर ठरतो. पान जिथं फांदीला लागतं त्या बगलेत एक कळी असते. पुस्तकात तिला कक्षस्थ कलिका म्हणतात. ती कधी टाचणीच्या डोक्याएवढी, कधी फुगीर, कधी तिथूनच नवी फांदी किंवा फुलं फुटलेली. पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. म्हणून टोकाकडून सुरुवात करा आणि प्रत्येक पातीच्या बुडाशी पाहत खाली या. एकाही पातीच्या बगलेत कळी नाही आणि थेट दांडीच्या बुडाशी कळी सापडली, तर ती सगळी दांडी मिळून एक पान. प्रत्येक पातीपाशी कळी असेल, तर ती फांदी.

दुसरा पुरावा दांडीच्या टोकाला मिळतो. फांदीच्या टोकाला वाढणारा कोंब असतो. पर्णाक्षाच्या टोकाला एक पर्णिका असते, बारीक टोक असतं किंवा काहीच नसतं, पण कोंब कधीच नसतो.

तिसरा पुरावा उपपर्णांचा, म्हणजे देठाच्या बुडाशी दोन बाजूंना असणाऱ्या छोट्या अवयवांचा. सगळ्याच झाडांना ती नसतात किंवा लवकर गळून जातात, पण जिथं असतात तिथं पानाची सुरुवात कुठं आहे ते स्पष्ट दाखवतात. मराठवाड्यात याचा सगळ्यात सोपा धडा तरवड देतो. माळावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांनी भरलेलं हे झुडूप कुणाला दाखवावं लागत नाही. त्याच्या देठाच्या बुडाशी वृक्काच्या (म्हणजे मूत्रपिंडाच्या) आकाराची, छोट्या पानासारखी दिसणारी उपपर्णं असतात. ती दिसली की तिथून वरचं सगळं एक पान. बाभळीच्या देठाच्या बुडाशी जे पांढुरके सरळ काटे जोडीनं असतात, तीही मुळात उपपर्णंच, काट्यांत बदललेली.

आता दोन फसवी झाडं. नवख्यांच्या वह्यांत सगळ्यात जास्त चुका यांच्याच पानांवर होतात.

पहिलं सीताफळ. बालाघाटाच्या उतारावर, धारूरकडं, बीड जिल्ह्यात सगळीकडं ते आहे आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. त्याची पानं फांदीवर दोन ओळींत, एकाआड एक, एकाच पातळीत लागतात. पाहणारा म्हणतो, झालं, पिच्छाकृती. कळीची कसोटी लावायला गेलं तर बगलेत कळीही दिसत नाही! कारण सीताफळाची कळी देठाच्या बुडाखाली झाकलेली असते. पान हळूच खाली ओढून तोडा, त्याच्या देठाचं बूड पोकळ दिसेल आणि फांदीवर उघडी पडलेली कळी दिसेल. म्हणजे ते पान साधं आणि ती दांडी फांदी. कळी दिसली नाही म्हणून थांबायचं नाही, एक पान तोडून आत पाहायचं, हा नियम इथून लक्षात ठेवा.

दुसरा आवळा, आणि तो जास्त बेरकी. आवळ्याच्या बारीक डहाळीवर छोटी पानं दोन ओळींत इतकी दाटीनं असतात की ते चिंचेच्या पानासारखं दिसतं. वर पानगळीत ही डहाळी अख्खीच गळून पडते, अगदी एखादं संयुक्त पान गळावं तशी. त्यामुळं ‘जे एकत्र गळतं ते एक पान’ ही सर्रास सांगितली जाणारी युक्ती आवळ्यापाशी हमखास चुकते. पण फुलं आणि फळं कुठं लागतात ते पाहा. त्या बारीक पानांच्या बगलेतच. फुलं-फळं बगलेत आली म्हणजे ती पात म्हणजे स्वतंत्र पान, आणि डहाळी ही डहाळीच. घराच्या मागं, पावसाळ्यात शेताच्या कडेला उगवणाऱ्या भुईआवळ्यात हेच अगदी जवळून पाहता येतं. डहाळी उलटी करा, पानांच्या खाली ओळीनं बारीक हिरवी फळं लोंबताना दिसतील. नवख्यांना मी मोठ्या झाडाआधी हेच तण उपटून दाखवावं असं म्हणेन. भिंग लागत नाही, शिडी लागत नाही.

पायरी तिसरी: पर्णाक्षाचं टोक

पान संयुक्त आहे हे ठरलं की टोकाकडं बघा. टोकाला एकटी पर्णिका असेल तर पर्णिकांची एकूण संख्या विषम येते, म्हणून विषमदली पिच्छाकृती. पर्णाक्ष एका जोडीवर संपत असेल तर समदली पिच्छाकृती.

समदलीची उदाहरणं मराठवाड्यात पावलोपावली आहेत. तरवड, साधारण 8 ते 12 जोड्या. पावसाळ्यात भाजीसाठी खुडला जाणारा तरोटा, त्याच्या पूर्ण वाढलेल्या पानाला तीन जोड्या. चिंच, 10 ते 20 जोड्यांच्या आसपास. बहावा, 4 ते 8 मोठ्या जोड्या. भुईमूग, फक्त दोन जोड्या, म्हणजे चारच पर्णिका. अनवाणी चालणाऱ्याच्या पायात हमखास मोडणारा सराटाही याच गटातला, फक्त त्याची पानं वाकून पाहावी लागतात. विषमदलीत करंज, पर्णिका बहुधा 5 ते 7. घरचा गुलाब, हरभरा आणि मघाचा कढीपत्ता हेही विषमदलीच.

वाटाणा आणि लाख (डाळीचं पीक) यांच्यात टोकाला पर्णिकेऐवजी ताणा दिसतो, वर चढायला आधार धरणारा. तिथं ‘टोक ताण्यात बदललेलं’ असं सरळ लिहावं.

कडुनिंबाचं काय? तो पुस्तकात कधी विषमदली, कधी समदली लिहिलेला सापडतो आणि नवखा गोंधळतो. कारण झाडावरच दोन्ही प्रकार मिळतात. टोकाची पर्णिका बऱ्याचदा नसते. म्हणून एका पानावरून निकाल देऊ नका. एकाच फांदीची चार-पाच पानं पाहा, आणि टोकाशी मोडल्याची खूण आहे का तेही पाहा. शेळीनं किंवा अळीनं टोक खाल्लेलं पान विषमदलीचं समदली करून टाकतं!

वेळेचंही भान ठेवा. चिंच, तरोटा, भुईमूग यांच्या पर्णिका संध्याकाळी मिटतात. अंधार पडताना काढलेल्या फोटोत त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि मोजणी चुकते. सकाळी उन्हं फार तापायच्या आत पाहणं उत्तम, विशेषतः वैशाखात. पानगळीच्या दिवसांत अर्धी झाडं उघडी असतात, म्हणून सरावाला पाऊस पडून गेल्यानंतरचे महिने सोयीचे. कडुनिंबाला मात्र पाडव्याच्या सुमारास कोवळी पालवी असते, तेव्हा पानाचा नमुना घरी आणायलाही वेगळी खटपट लागत नाही.

पायरी चौथी: अक्ष किती वेळा फाटतो?

आतापर्यंतची सगळी पानं एकवार पिच्छाकृती होती. मुख्य पर्णाक्षावर थेट पर्णिका. काही झाडांत मुख्य पर्णाक्षावर पर्णिका नसतात, तिथून दोन्ही बाजूंना दुय्यम अक्ष निघतात आणि पर्णिका त्या दुय्यम अक्षांवर असतात. हे द्विपिच्छाकृती. बाभूळ, हिवर, शमी, सुबाभूळ, वेडी बाभूळ, गुलमोहोर ही सगळी याच रांगेत. मराठवाड्याच्या कोरड्या माळावर काटेरी झाड दिसलं आणि पानं बारीक असली, तर द्विपिच्छाकृती असण्याची शक्यता मोठी. पण शक्यताच. हिंगणबेटही काटेरी आहे आणि त्याच्या पानाला दोनच पर्णिका असतात.

दसऱ्याच्या दिवशी हातात येणारी दोन पानंही इथं तपासून पाहण्यासारखी. शमीचं द्विपिच्छाकृती. आपट्याचं मात्र साधं, टोकाशी खाच पडून दोन भाग झालेलं. ते दोन पर्णिकांचं नाही.

अक्ष आणखी एकदा फाटला की त्रिपिच्छाकृती. दारातला शेवगा घ्या. मुख्य अक्ष, त्यावर दुय्यम अक्ष, आणि निदान खालच्या दुय्यम अक्षांवर पुन्हा बारीक अक्ष. शेवग्याचं एक पान हातभर लांब असू शकतं. भाजीसाठी पाला ओरबाडताना आपण खरं तर पर्णिका काढत असतो, आणि मागं उरलेला काड्यांचा सांगाडा म्हणजे त्रिपिच्छाकृती मांडणीचा तयार नकाशा. तो सांगाडा वहीवर ठेवून पेन्सिलीनं गिरवा. आकृती काढायची यापेक्षा सोपी रीत मला माहीत नाही.

या पायरीचा प्रत्यक्ष उपयोग कुठं होतो? कडुनिंब आणि बकाण वेगळे करताना. बकाणनिंबाला अनेक जण कडुनिंबच समजतात, पर्णिका दिसायला बऱ्याच जवळच्या आणि दोन्ही दातेरी. पण कडुनिंबाचं पान एकवार पिच्छाकृती आणि बकाणाचं द्विपिच्छाकृती, कधी त्रिपिच्छाकृतीही. मुख्य दांडी धरा आणि खालून वर बघा. दांडीला थेट पर्णिका लागल्या असतील तर कडुनिंब. दांडीला आधी काड्या फुटून त्यावर पर्णिका असतील तर बकाण. बकाणाची फळं विषारी असतात, त्यामुळं औषधाच्या नावाखाली पाला किंवा निंबोळ्या गोळा करणाऱ्यानं ही खात्री आधी करून घ्यावी. फूल किंवा फळ येईपर्यंत थांबायची गरज नाही, एक पान पुरतं. दांडी बुडापासून तोडलेली हवी मात्र. बकाणाचा एकच दुय्यम अक्ष तोडून आणला तर तो कडुनिंबाच्या अख्ख्या पानासारखा दिसतो.

पळसाला पानं तीनच, पण कशी?

‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण आपण कुठंही गेलं तरी परिस्थिती तीच, अशा अर्थानं वापरतो. वनस्पतिशास्त्रात ती तीन पानं नसून एका पानाच्या तीन पर्णिका आहेत. पत्रावळीला टाचली जाते ती सुटी पर्णिका. पण मुद्दा त्याच्या पुढचा आहे. पर्णिका फक्त तीन असतील तर पान पिच्छाकृती म्हणायचं की हस्ताकृती?

हस्ताकृती म्हणजे सगळ्या पर्णिका देठाच्या टोकाशी एकाच बिंदूतून निघालेल्या. सावर आणि निर्गुडी ही त्याची आपल्याकडची ठळक झाडं. तीन पर्णिकांच्या पानात मधल्या पर्णिकेकडं पाहायचं. बाजूच्या दोन पर्णिका जिथं लागल्या तिथून पर्णाक्ष थोडा पुढं जाऊन मग मधली पर्णिका लागली असेल, तर मांडणी पिच्छाकृती, त्रिपर्णी पिच्छाकृती. तिन्ही एकाच बिंदूतून निघाल्या असतील तर त्रिपर्णी हस्ताकृती. पळस पिच्छाकृती. तूर, सोयाबीन, मूग, उडीद हीही पिच्छाकृती, मेथीसुद्धा. कुंडीत आपोआप उगवणारी आंबुशी हस्ताकृती. पळसाचं आणि आंबुशीचं पान शेजारीशेजारी ठेवा, एका नजरेत फरक कळतो. बेलाच्या त्रिदळातही मधल्या दळाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा चांगलाच लांब असतो.

शेतकऱ्याला याचा काय उपयोग, असं विचारणाऱ्यांसाठी. सोयाबीनची वाढीची अवस्था पूर्ण उमललेल्या त्रिपर्णी पानांवरून मोजतात. तीन पर्णिका म्हणजे एक पान. पर्णिकांनाच पानं धरलं तर तीन पानांचं रोप नऊ पानांचं होऊन बसतं. सोयाबीनमध्ये आणखी एक गंमत आहे. बीजदलानंतर येणारी पहिली जोडी साध्या पानांची असते, त्रिपर्णी पानं त्यानंतर सुरू होतात. तुरीतही पहिली पानं साधीच. म्हणून रोपावरून प्रजातीच्या पानाचं वर्णन लिहू नये. तणनाशकाच्या सूचनेत ‘तण दोन ते चार पानांवर असताना’ असं लिहिलेलं असतं तेव्हाही हाच हिशेब लावायचा. तरोट्याच्या एका पानाच्या सहा पर्णिका म्हणजे सहा पानं नव्हेत.

शिरा आणि चिरा

आता शब्दाचे उरलेले दोन उपयोग. शिरांचा थोडक्यात सांगतो. पान साधं असतं, पण मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या उपशिरा पिसासारख्या मांडलेल्या असतात. आंबा, पेरू ही उदाहरणं. याला पिच्छाकृती शिराविन्यास म्हणतात. ‘आंब्याचं पान पिच्छाकृती’ एवढंच लिहिलं तर वाचणारा त्याला संयुक्त समजेल, म्हणून इथं ‘शिराविन्यास’ हा शब्द गाळायचा नाही. कापसाच्या आणि एरंडाच्या पानात मुख्य शिरा देठापाशी एकाच जागेतून पसरतात, तो हस्ताकृती शिराविन्यास. ज्वारीत शिरा समांतर.

चिरांचा प्रकार जास्त घोळाचा. पान साधंच असतं, पण कडा आतपर्यंत कापल्या जाऊन दोन्ही बाजूंना खंड पडतात. पडीक रानातला काटेरी पिवळा धोतरा बघा. पान मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी कापलेलं, पण खंड एकमेकांना जोडलेले. हे पिच्छाकृती खंडित पान. गाजर गवतात चिरा फारच खोल जातात, खंडांना पुन्हा चिरा पडतात, आणि नवखा माणूस त्याला द्विपिच्छाकृती संयुक्त म्हणून मोकळा होतो.

वेगळं ओळखायचं तर दोन गोष्टी बघा. खंड आणि मुख्य शीर यांच्यामध्ये हिरवी पट्टी सलग जाते का? जात असेल तर पान साधं, फक्त चिरलेलं. पर्णिकेला बुडाशी सांधा असतो. ती त्या सांध्यापाशी स्वच्छ सुटते आणि मागं छोटी खूण राहते. पिवळ्या धोतऱ्याचा किंवा गाजर गवताचा खंड तसा सुटत नाही, ओढला तर फाटतो. गाजर गवताला हात लावताना काळजी घ्या, अनेकांना त्यानं त्वचेला खाज आणि पुरळ येतं. पाहण्यापुरतं पाहा, चोळू नका.

टिपण लिहिताना

क्रम ठरलेला ठेवा: आधी साधं की संयुक्त, मग मांडणी, मग किती वार, मग टोक, मग संख्या, आणि शेवटी पर्णिकेचा आकार व कडा. उदाहरणादाखल:

तरवड: पान संयुक्त, एकवार पिच्छाकृती, समदली, पर्णिकांच्या 8 ते 12 जोड्या, उपपर्णं मोठी, वृक्काकार, टिकून राहणारी.

कडुनिंब: पान संयुक्त, एकवार पिच्छाकृती, टोकाची पर्णिका असते किंवा नसते, पर्णिका दातेरी, बुडाशी दोन बाजू असमान.

आवळा: पान साधं, बारीक, गळणाऱ्या डहाळ्यांवर दोन ओळींत; डहाळी पिच्छाकृती पानासारखी भासते.

पिवळा धोतरा: पान साधं, पिच्छाकृती खंडित, कडा काटेरी.

‘पर्णिका पिच्छाकृती आहेत’ असं वाक्य वह्यांत नेहमी येतं. ते बहुधा चुकलेलं असतं. पिच्छाकृती असतं ते पान, पर्णिका लंबगोल, भालाकार किंवा अंडाकृती असतात. ‘झाड पिच्छाकृती’ हे तर अर्थहीनच. शब्दाचं शेवटचं अक्षर मराठी शुद्धलेखनात दीर्घ लिहितात, आणि तो लिंग-वचनानुसार बदलत नाही: पिच्छाकृती पान, पिच्छाकृती पानं, पिच्छाकृती मांडणी. जुन्या पुस्तकांत शेवटी ऱ्हस्व दिसतो, तो वेगळा शब्द नाही.

फोटो काढून ओळख पटवून घेणार असाल तर तीन फोटो पुरतात. अख्खं पान, ते जिथं फांदीला लागलं त्या सांध्यासह. दांडीचं टोक जवळून. आणि एक पर्णिका उलटी करून. नुसत्या पर्णिकेचा फोटो पाठवून ‘हे कुठलं झाड’ विचारणाऱ्याला जाणकारही नीट सांगू शकत नाही. वाळवून ठेवायचं तर संख्या तोडल्या तोडल्या मोजून लिहा. चिंच आणि बाभूळ यांच्या पर्णिका वाळताना झडतात आणि महिन्याभरानं कागदावर नुसती दांडी उरते.

शास्त्रीय नावातलं पीस

लॅटिन भाषेत पिन्ना म्हणजे पीस किंवा पंख, आणि तिथूनच पिन्नाटा, पिन्नाटस, पिन्नाटम ही प्रजातींची नावं आली. शेवट बदलतो तो प्रजातीच्या नावाचं लिंग शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाशी, म्हणजे प्रजातिगटाच्या नावाशी, जुळवून घेण्यासाठी, अर्थ तोच. करंजाचं शास्त्रीय नाव पोंगामिया पिन्नाटा. काही ठिकाणी मिलेशिया पिन्नाटा असंही लिहितात, कारण त्याला कोणत्या प्रजातिगटात ठेवायचं यावर मत बदलत गेलं. पण पिन्नाटा टिकून राहिलं. लिनियसनं 1753 मध्ये त्याला दिलेल्या पहिल्या नावातही हाच शब्द आहे. बागेतल्या नाजूक पानाच्या कॉसमॉसचं नाव कॉसमॉस बायपिन्नाटस, म्हणजे द्विपिच्छाकृती. त्याचं पान मात्र मघाच्या चिरांच्या पायरीतलं, दोन वेळा बारीक चिरलेलं. नाव वाचून संयुक्त पान शोधायला जाऊ नका.

पानफुटीचं एक नाव ब्रायोफायलम पिन्नाटम. कुंडीतली पानफुटी पाहून नवखा म्हणतो, याची पानं तर साधी, जाड, दंतुर. बरोबरच दिसतं त्याला. पानफुटीची खालची पानं साधीच असतात, रोप उंच वाढलं की वरच्या पानांना तीन ते पाच पर्णिका येऊ लागतात. नाव त्या वरच्या पानांवरून आलं आहे. तेव्हा कुंडीतलं रोप छाटत राहू नका, एखादं वाढू द्या आणि वरची पानं आली की मघाची कळीची कसोटी त्यांना लावून पाहा.